आठवा ठोका

आमच्या दुकानाचे दोन भाग आहेत आणि मध्ये प्लायवूडची भिंत आहे. पुढच्या भागात मी कपडे शिवते, मागच्या भागात माझे धाकटे दीर रेडिओ, टेप आणि रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करतात. भिंत छतापर्यंत जात नाही, वर हातभर जागा मोकळी आहे. त्यामुळे माझ्या मशीनची खडखड त्यांना आणि त्यांची गाणी मला गेली एकोणीस वर्षं फुकट मिळताहेत. भांडण झालं तर तेही दोघांना नीट ऐकू येतं, म्हणून आम्ही फारसं भांडत नाही. खरं सांगायचं तर मी भांडते आणि भावजी ऐकून घेतात.

ऐकणं हाच त्यांचा धंदा. बाजारात त्यांना सगळे कानसेन म्हणतात. गिऱ्हाईक मशीन टेबलावर ठेवून तक्रार सांगायला लागलं की भावजी हात वर करून त्याला गप्प करतात, मशीन चालू करतात आणि डोळे मिटतात. मग म्हणतात, बेल्ट सैल आहे, किंवा आतलं तेल वाळलंय. उघडून बघावं तर तेच निघतं. त्यांच्याकडे मोजायची यंत्रंही आहेत, पण ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. एकदा भिंतीपलीकडून मला म्हणाले, वहिनी, सुई बदला, मोडणार आहे. मी म्हटलं, तुम्ही तुमचं बघा. तीन टाके घातले नाहीत तोच ती मोडली. त्या दिवशी मी त्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नव्हते.

गेल्या वर्षी त्यांना जोराची सर्दी झाली, ताप आला आणि डावा कान बंद झाला. तीन आठवडे ते प्रत्येकाकडे उजवा कान करून बसायचे. मग कान उघडला, पण आत एक बारीक शिट्टी वाजत राहिली. डॉक्टरांनी तपासलं, कागदावर आलेख काढून दिला आणि सांगितलं की अगदी वरचे सूर जरा कमी झालेत, छप्पन्नाव्या वर्षी एवढं होतंच, कामाला काही अडणार नाही. पुढे शिट्टीही आपोआप गेली. भावजींनी तो कागद घडी करून पाकिटात ठेवला आणि डॉक्टरांचं म्हणणं तिथेच सोडून आले. त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं की कान गेलाय, फक्त अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

तेव्हापासून माणूस बदललाच. दुरुस्त झालेला रेडिओ पुन्हा उघडायचा, पुन्हा लावायचा, परत उघडायचा. गिऱ्हाईक घ्यायला आलं की 'अजून दोन दिवस राहू द्या' म्हणायचं. मी एकदा वैतागून म्हटलं, तुम्ही दुरुस्त करताय की मशीनची माफी मागताय? ते हसले नाहीत. एरवी माझ्या वाकड्या बोलण्यावर हसणारं घरात तेवढं एकच माणूस होतं.

आमचे हे औषधांच्या एका मोठ्या गोदामात कामाला आहेत. धाकट्या भावाची ही तऱ्हा त्यांना बघवेना, म्हणून त्यांनी साहेबांकडे शब्द टाकला. फाटकाशेजारच्या खोलीत बसायचं, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या खोक्यांवरचे नंबर टिपायचे. काम हलकं, खुर्ची चांगली. हे जेवताना म्हणाले, 'आणि तिथे कानाचं काही काम नाही.' यांनी ते मायेनेच म्हटलं होतं, पण भावजींच्या हातातला घास हातातच राहिला. शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. हो म्हटलं असतं तर भिंतीपलीकडचा भाग भाड्याने द्यायचा, असंही यांनी ठरवून टाकलं होतं.

त्याच आठवड्यात, सोमवारी, गाडी शिकवणाऱ्या बाई आल्या. त्यांना सगळा भाग ओळखतो, कारण निम्म्या भागाला त्यांनीच ब्रेक दाबायला शिकवलंय. पन्नाशीच्या, आवाज खणखणीत, बसल्या जागी उजवा पाय सतत काहीतरी दाबत असतो. त्यांच्या रेकॉर्ड प्लेअरचा वेग मध्येच डळमळायला लागला होता. सोबत एक रेकॉर्डही ठेवून गेल्या. म्हणाल्या, हिच्यावर तपासा, मला हीच ऐकायची असते. कव्हरवर मोकळ्या माळावर एक जिना उभा होता आणि तो कुठेच पोचत नव्हता. बँडचं नाव मला अजून धड उच्चारता येत नाही.

भावजी गिऱ्हाइकाच्या रेकॉर्डवर कधीच तपासत नाहीत. त्यांची स्वतःची एक ठरलेली रेकॉर्ड होती, संचलनाच्या बँडची. तिच्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत आठ-आठचा ठोका, पाऊल टाकल्यासारखा. सुई उडते का, बेल्ट घसरतो का, हे ते त्या ठोक्याबरोबर टेबलावर बोट आपटत, आठपर्यंत मोजून बघतात. ही त्यांची कसोटी. आणि त्याच सोमवारी दुपारी, कॉलरला इस्त्री करता करता फोन वाजला म्हणून मी इस्त्री पटकन बाजूला ठेवली, ती नेमकी भावजींनी माझ्या टेबलावर ठेवलेल्या त्या रेकॉर्डवर. मी फोनवर एका बाईला ब्लाऊज कधी मिळणार हे सांगत होते तेवढ्यात वास आला. रेकॉर्डची एक कड वाळलेल्या पानासारखी वर वळली होती.

मी तोंडाने खूप काही बोलले, म्हणजे रेकॉर्ड टेबलावर ठेवलीच कशाला वगैरे. भावजींनी ती उचलली, उजेडात धरून बघितली आणि एवढंच म्हणाले की जाऊ दे, तशीही आता कुठे लागणार आहे. त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

म्हणून मंगळवारी त्यांना बाईंच्याच रेकॉर्डवर तपासावं लागलं. नवा बेल्ट चढवला, आतलं तेल बदललं, सुई साफ केली. डळमळ गेली. मग बोट आपटत मोजायला बसले. सुरुवातीला नुसता ऑर्गन होता, हळू, पहाटे कुणीतरी घरभर दिवे लावत फिरावं तसा. मग ड्रम आले, गिटार आली, आणि भावजींचं बोट अडखळलं. आठवा ठोका पडायच्या आतच नवी ओळ सुरू झाली होती. त्यांनी सुई उचलून मागे ठेवली. पुन्हा तेच. सात ठोके, आणि आठव्याच्या जागी पुढचा पहिला.

त्यांनी मशीन उघडलं. बेल्ट काढून दुसरा घातला. त्यांच्याकडे एक कागदी चकती आहे, तिच्यावर काळ्या रेघा आहेत. ती फिरवून दिव्याखाली बघायची, रेघा जागच्या जागी उभ्या दिसल्या की वेग बरोबर. रेघा उभ्या होत्या. भिंगातून रेकॉर्ड पाहिली, कुठे ओरखडा नव्हता. दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या प्लेअरवर लावून बघितली, तिथेही आठवा ठोका गायब. मग याच प्लेअरवर एक जुनं, घरोघरी वाजणारं गाणं लावलं. ते एकदम बरोबर वाजलं. इथेच दुसऱ्या कुणीही हात झटकले असते. पण त्यांच्यासारख्या माणसाचं डोकं वेगळं चालतं. त्यांनी हिशेब असा लावला: जुनं गाणं मला पाठ आहे, ते मी कानाने नाही, आठवणीने ऐकतो. हे गाणं नवं आहे, म्हणून माझा कान इथे उघडा पडला.

तेव्हाच त्यांनी भिंतीवरून मला विचारलं, 'वहिनी, हे कुठे अडखळतंय का हो?'

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. समोर एकवीस शाळकरी स्कर्ट होते, प्रत्येकाला सोळा चुण्या. मी काही ऐकलं नव्हतं, एक सूरसुद्धा नाही. पण मान वर न करता म्हटलं, 'नाही हो. छान चाललंय.'

पलीकडे गाणं बंद झालं. मला तेवढंच जाणवलं की आता जरा शांतता आहे.

बुधवारी सकाळी त्यांनी यांना सांगितलं की मी गोदामात येतो. हे खूश झाले, पाठ थोपटली, उद्याच चल, साहेबांना भेटू म्हणाले. मी चहाचे कप धुवत होते. भावजी माझ्याकडे वळून म्हणाले की तुम्हाला जे सरळ ऐकू येतं ते मला तुटक ऐकू येतं, मग कुणाचं मशीन कोणत्या तोंडाने हातात घेऊ? तेव्हा कुठे मला तो मंगळवारचा प्रश्न काय होता ते कळलं. मी सांगायला हवं होतं की मी ऐकलंच नव्हतं. पण हे शेजारी उभे होते, इतके खूश होते, आणि मला वाटलं, ऐकलं असतं तरी मला काय डोंबल कळलं असतं. मी कप धुवत राहिले. स्वतःचा असा राग मला क्वचितच येतो, पण तो दिवसभर पुरला.

गुरुवारी दोघे भाऊ गोदामात गेले. अकराच्या सुमाराला गाडी शिकवणाऱ्या बाई आल्या. दोन शिकवण्यांच्या मधला तास मोकळा होता, म्हणून झालंय का बघायला आल्या होत्या. भावजींच्या मशीनला मी हात लावायचा नाही हा आमच्यातला एकमेव करार आहे. तो मी मोडला. त्यांना मागच्या बाजूला नेलं, स्टुलावर बसवलं आणि रेकॉर्ड लावली. मला ती ऐकायची होती. दोन दिवस उशिरा का होईना, पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं.

ऑर्गन संपला, ड्रम आले. चुण्या मोजून मोजून माझा हात मोजायला सरावलेला आहे. मी मांडीवर बोट ठेवलं आणि सुरू केलं. सातनंतर बोट हवेत राहिलं. पुढची ओळ निघून गेली होती. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. आठवा ठोका मलाही ऐकू येत नव्हता! म्हणजे त्यांचा कान शाबूत होता. आणि पाठोपाठ शरमही वाटली, कारण एका शब्दाने मी त्यांना फाटकावरच्या खुर्चीत नेऊन बसवलं होतं.

मी सुई उचलली आणि बाईंना म्हटलं, माफ करा, तुमचं मशीन अजून बिघडलेलं आहे. त्यांनी विचारलं, कुठे? मी म्हटलं, सातपर्यंत येतं आणि आठवा खातं.

बाई अशा हसल्या की बाहेरच्या पानवाल्याने डोकावून बघितलं. म्हणाल्या, 'अहो, आठवा नाहीच आहे त्यात. सात मोजा आणि परत एकवर या.'

मग त्यांनी सांगितलं, या संगीताला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. मला ते एखाद्या शिकवणी वर्गाचं नाव वाटलं. ही मंडळी म्हणे ठरलेल्या मापात शिवतच नाहीत. एकेक गाणं रेकॉर्डची अख्खी बाजू खातं, मध्येच चाल बदलतं, ठोके कधी सात, कधी आणखी काही. ही त्यांनी स्वतः विकत घेतलेली पहिली रेकॉर्ड, वय एकोणीस. घरी लावली आणि दुसऱ्या दिवशी दुकानात परत द्यायला गेल्या, खराब निघाली म्हणून. दुकानदाराने बदलून दिली. तीही तशीच. तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा दुकानदाराने त्यांना खुर्ची दिली आणि पूर्ण बाजू ऐकेपर्यंत उठू दिलं नाही. तेव्हापासून त्या हे असलंच ऐकतात आणि नवऱ्याने वेगळी खोली घेतली आहे.

मी त्यांना म्हटलं, तुम्ही आता उठायचं नाही, माझे दीर येईपर्यंत. त्यांनी पुढच्या शिकवणीला फोन करून गाडीला जरा काम निघालंय असं सांगितलं.

भावजी साडेबाराला आले. हातात गोदामाचा अर्ज होता, भरायचा राहिलेला. बाईंना बघून त्यांनी चपला काढायच्या आतच सांगून टाकलं की तुमचं मशीन मला जमलं नाही, दुसऱ्या कुणाकडे न्या. मी मध्येच बोलायला लागले. आधी सांगितलं की मंगळवारी मी ऐकलंच नव्हतं, खोटं बोलले. मग सात सांगितले, आठ सांगितले, खुर्ची, दुकानदार, सगळं एकात एक. भावजी ऐकत राहिले, त्यांचा चेहरा हलला नाही.

'वहिनी, माझी समजूत घालू नका,' ते म्हणाले.

मला रडू फुटायच्या बेतात होतं. पण गाडी शिकवणाऱ्या बाईंना घाबरलेल्या माणसांची सवय असते. त्यांनी भावजींना समजावलं नाही. स्टूल पुढे सरकवलं, बसा म्हणाल्या, डोळे मिटा, मी टेबलावर ठोका धरते, ओळ जिथे नव्याने सुरू होईल तिथे तुम्ही बोट उचला. भावजी कसेबसे बसले. सुई टेकली. ऑर्गन, मग ड्रम. बाईंचा हात पडायला लागला आणि सातनंतर भावजींचं बोट वर आलं. पुन्हा सात, पुन्हा बोट. चार ओळी झाल्या, आठ झाल्या. बाईंचा ठोका आणि त्यांचं बोट कुठेही चुकलं नाही. भावजींच्या कपाळावरची आठी तेवढी थोडी सैल झाली.

गाणं पुढे गेलं. गिटार थांबली, कुठून तरी बासरी आली. माणूस बोलता बोलता उठून स्वयंपाकघरात जातो, पाणी पिऊन येतो आणि तोच विषय वेगळ्या आवाजात पुढे नेतो, तसं काहीसं ते होतं. मग सगळे एकदम परत आले, आणि तिथे बाईंचा हात आणि भावजींचं बोट यांची फारकत झाली. भावजींनी बोट लवकर उचललं. 

बाई म्हणाल्या, असू दे, इथे मीही नेहमी गडबडते. भावजींनी डोळे उघडले नाहीत.

'इथे पाच आहेत,' ते म्हणाले. 'सात, सात, पाच. मग परत सात. तुम्ही दोन जास्त मोजले.'

बाईंनी सुई उचलून मागे ठेवली. ओठ हलवत मोजलं. पुन्हा मागे ठेवली, पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा त्यांनी हात टेबलावर ठेवला तो उचललाच नाही. म्हणाल्या की तीस-बत्तीस वर्षं मी ही रेकॉर्ड ऐकतेय, याच जागी दर वेळी माझा पाय चुकतो, आणि आजपर्यंत मला वाटायचं की माझ्यातच काहीतरी कमी आहे.

 भावजींनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला, परत काढला. मग सुई स्वतः पहिल्यापासून लावली आणि मागे टेकून बसले. पूर्ण बाजू वाजली, वीस-बावीस मिनिटं. या वेळी त्यांनी मोजलं नाही. एका ठिकाणी सगळी वाद्यं एकाच सुरावर येऊन थांबतात तिथे ते चक्क हसले, मोठ्याने. हे हसणं मी वर्षभर ऐकलं नव्हतं. छातीवरून कुणीतरी शिलाई मशीन उचलून नेल्यासारखं मला वाटलं.

रेकॉर्ड संपल्यावर ते म्हणाले की आजारपणानंतर मी एकही गाणं ऐकलं नव्हतं, नुसता स्वतःला तपासत होतो. डाव्या कानात वरचे सूर कमी येतात हे खरं आहे, बासरीच्या टोकाशी कळलं. तेवढं चालेल.

बाईंनी प्लेअर उचलला, पण रेकॉर्ड ठेवली. दुसरी बाजूही आहे, म्हणाल्या, आणि तिच्यात मी कुठे कुठे चुकते ते लिहून ठेवा. जाताना मला विचारलं, तुम्ही गाडी शिकणार का? मी म्हटलं, आधी शिवणकाम जमू दे.

मग भावजींनी भिंतीवरचा फोन घेतला आणि गोदामात यांना लावला. मी पुढे येऊन मशीनवर बसले, पण पाय चालवला नाही.

'दादा, मी येत नाही,' ते म्हणाले. पलीकडून यांनी बरंच काही विचारलं असणार. सकाळी साहेबांशी हात मिळवून आलेला माणूस, दुपारी असं कसं म्हणतो, तब्येत बिघडली का, वहिनी काही बोलली का. भावजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, 'नाही रे. मला ऐकू येतंय.'

 मग त्यांनी खालच्या आवाजात 'रडतोस काय' असं म्हटलं आणि फोन ठेवला. थोड्या वेळाने पलीकडून रेकॉर्डची दुसरी बाजू सुरू झाली. त्या दुपारी मी एक अख्खी बाही उलटी शिवली, आणि उसवताना जराही चिडले नाही.